चार अधिक एक, आणि एकविसावा वाढदिवस

न्यू जर्सीतल्या एका सरकारी विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयात बी.एस. करणारी मुलगी. एप्रिल २०२५ मध्ये ती तिसऱ्या वर्षाला होती. विभागाकडून ईमेल आली: तुमचे ग्रेड चांगले आहेत, ‘चार अधिक एक’ कार्यक्रमासाठी अर्ज करू शकता. चार वर्षांत बॅचलर्स आणि पुढच्या एकाच वर्षात मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच. एरवी या दोन पदव्यांना मिळून सहा वर्षं लागतात. घरात सगळे खूश. वडील आयटीमध्ये, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. मुलगी लहानपणी पुण्याहून आई-वडिलांबरोबर आली, तेव्हापासून एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर. जानेवारी २०२६ मध्ये ती २१ वर्षांची होणार होती.

ही शेवटची गोष्ट ईमेलमध्ये असण्याचं काही कारणच नव्हतं. पण पुढे जे काही ठरलं, ते या तारखेभोवतीच ठरलं.

आरोग्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कोर्स निवडायला मदत करणं हे माझं काम, अर्थात वेगळ्या संस्थेत. या कुटुंबाशी ओळख मराठी मंडळातली. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बाजूला ठेवून हे प्रकरण लिहिते आहे. एच-४ वर वाढलेली आपली कितीतरी मुलं दरवर्षी कॉलेजला जातात आणि अशा जोडपदव्यांची जाहिरात त्यांना फार ओढते. माझं म्हणणं एवढंच आहे की असा कार्यक्रम किती लवकर संपतो हे नंतर बघावं. मधेच बाहेर पडावं लागलं तर हातात काय राहतं, आणि पूर्ण केला तर कुठला दरवाजा बंद होतो, हे आधी बघावं.

अमेरिकेत या जोडपदव्यांचे प्रकार बरेच आहेत. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७१ पासून बारावीनंतर सहा वर्षांत बी.ए. आणि एम.डी. एकत्र मिळते. फिजिकल थेरपीत ‘तीन अधिक तीन’ चालतं: तीन वर्षं बॅचलर्सची, तीन डॉक्टरेटची. पण तिथे बॅचलर्सची पदवी बहुतेक ठिकाणी चौथ्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे डॉक्टरेटचं पहिलं वर्ष पार पडल्यावरच हातात येते. तिसऱ्या वर्षाअखेर कुणाला थांबायचं असेल तर त्याच्याकडे कागद कुठलाच नसतो. त्या मानाने ‘चार अधिक एक’ सुरक्षित. चौथ्या वर्षाअखेर बॅचलर्स मिळालेली असते, पाचवं वर्ष नाही जमलं तरी ती कुणी काढून घेत नाही. मुलीच्या आईला मी पहिल्यांदा हेच सांगितलं आणि त्यांना हायसं वाटलं. माझा सल्ला तेव्हा ‘घे’ असाच होता.

क्रेडिटांची बेरीज

मग आम्ही तिघी कागद घेऊन बसलो. बॅचलर्सला १२० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप). एमपीएचच्या कार्यक्रमांना मान्यता देणारी काउन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थ किमान ४२ क्रेडिट मागते. बेरीज १६२. या विद्यापीठात मास्टर्सच्या पातळीचे चार विषय, म्हणजे १२ क्रेडिट, चौथ्या वर्षात घेऊन दोन्ही पदव्यांकडे धरता येत होती. उरली १५०. पाच वर्षांची दहा सेमिस्टर, प्रत्येकी १५. कागदावर अगदी चोख.

पण मास्टर्सच्या पातळीवर साधारण ९ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ धरतात, आणि ते उगीच नाही. पाचव्या वर्षात ३० क्रेडिट संपवायची म्हणजे उन्हाळ्यात ६, मग १२, मग पुन्हा १२. एका सेमिस्टरला मास्टर्सचे चार विषय, प्रत्येकात गटाने करायचा प्रकल्प. शिवाय काउन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो आणि त्यातून किमान दोन कामं तयार करून दाखवावी लागतात: एखाद्या आरोग्य खात्यासाठी सर्वेक्षणाचा अहवाल, एखाद्या संस्थेसाठी प्रशिक्षणाचं साहित्य असं काहीतरी. एक वर्ष वाचतं त्यातला थोडा भाग दोन्हीकडे धरलेल्या क्रेडिटांचा. बाकीचं वर्ष उन्हाळ्यात आणि रात्री जागून भरून काढायचं असतं.

पैशांचा फायदा मात्र खरा होता. ती १२ क्रेडिट चौथ्या वर्षात बॅचलर्सच्या दराने घेता येणार होती, आणि मास्टर्सचा दर बराच चढा आहे. एच-४ वरच्या मुलीला केंद्र सरकारची शैक्षणिक मदत किंवा कर्ज मिळत नाही, सगळी फी वडिलांच्या खिशातून जाते. त्यामुळे वडिलांच्या दृष्टीने प्रश्न इथेच सुटला होता.

चौथ्या वर्षात हे चार विषय घ्यायचे तर त्या जागचं काहीतरी सोडायला हवं. ते होतं स्पॅनिशचं मायनर, म्हणजे मुख्य विषयाबरोबरचा दुय्यम विषय. हे मला पटेना. तिला माता-बालआरोग्यात काम करायचं आहे. न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉय, न्यू ब्रन्सविक या शहरांतल्या दवाखान्यांत येणाऱ्या कितीतरी बायका स्पॅनिशच बोलतात. तिथे उभं राहून गरोदर बाईला साखरेच्या तपासणीबद्दल तिच्या भाषेत समजावता येणं, याची किंमत पदवीच्या कागदापेक्षा कमी नाही. मुलीलाही सोडवत नव्हतं, पण घरचा उत्साह बघून ती गप्प होती.

आय-२० वरची एक ओळ

एच-४ हा आश्रिताचा व्हिसा. मूल २१ वर्षांचं झालं की ते त्यातून बाहेर पडतं. ग्रीन कार्ड त्याआधी येईल म्हणावं, तर भारतात जन्मलेल्यांसाठी नोकरीवर आधारित दुसऱ्या वर्गाची रांग २०२५ च्या मध्यावर २०१३ च्या तारखांवर अडकलेली होती. वडिलांची रांगेतली तारीख त्यानंतरची. म्हणजे जानेवारीच्या आत मुलीचा एफ-१, विद्यार्थी व्हिसाचा दर्जा घेण्यासाठी अर्ज जायलाच हवा होता. हे वडिलांना माहीत होतं, वकीलही ठरला होता. पण ‘चार अधिक एक’ आणि एफ-१ यांचा एकमेकांशी काय संबंध, हे कुणी विचारलं नव्हतं.

संबंध ओपीटीचा. एफ-१ वर शिकलेल्याला पदवीनंतर आपल्या विषयात १२ महिने काम करता येतं. ही मुभा शिक्षणाच्या प्रत्येक वरच्या पातळीला नव्याने मिळते: बॅचलर्सनंतर एकदा, मास्टर्सनंतर पुन्हा. पण पातळीची मुभा त्या पातळीच्या शेवटालाच वापरावी लागते. पदवीचा अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांत अर्ज गेला नाही की ती गेली. बॅचलर्स संपवून लगेच मास्टर्सच्या वर्गात बसलं की बॅचलर्सची ओपीटी हातची जाते. म्हणजे ज्या कार्यक्रमात शिक्षणाचं एक वर्ष वाचतं, त्याच कार्यक्रमात कामाचं एक वर्ष जातं. नागरिक असलेल्या मुलीला याने काडीचाही फरक पडत नाही, हिला पडतो.

पुढचा टप्पा स्टेमचा. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीतल्या विषयात पदवी असेल तर १२ महिन्यांवर आणखी २४ महिने मिळतात. मात्र नोकरी देणारी संस्था ई-व्हेरिफाय या कामाचा परवाना तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदवलेली असावी लागते. एच-१बीसाठी अर्ज जागांपेक्षा जास्त येतात, म्हणून दरवर्षी सोडत निघते; छत्तीस महिने म्हणजे त्या सोडतीत एकाऐवजी तीन संधी. अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांसाठी वर्षाच्या ६५,००० जागांच्या वर आणखी २०,००० जागा असतात, तो फायदाही त्यात प्रत्येक वेळी मिळतो.

सार्वजनिक आरोग्य या यादीत आहे का? इथे फार लोक फसतात. यादी पदवीच्या नावावर चालत नाही, विषयाच्या सरकारी कोडवर चालते. सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्याचा कोड ५१.२२०१, तो यादीत नाही. रोगपरिस्थितीविज्ञान, म्हणजे एपिडेमिऑलॉजीचा कोड २६.१३०९, तो आहे. बायोस्टॅटिस्टिक्सचा २६.११०२, तोही आहे. मी मुलीला म्हटलं, मग माता-बालआरोग्याऐवजी एपिडेमिऑलॉजीची शाखा घे, काम तेच करता येईल. गणिताची भीती नव्हती तिला. दोन दिवस आम्ही याच खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, “काकू, पण माझ्या आय-२० वर कुठला कोड छापतील?”

आय-२० म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थ्याला द्यायचा व्हिसाचा कागद. त्यावर शिक्षणाची पातळी, आणि ‘मेजर १’ अशी एक ओळ, विषयाचं नाव आणि कोड. सरकार हीच ओळ बघतं. तिने परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला लेखी विचारलं. उत्तर आलं की या विद्यापीठात एमपीएचच्या सगळ्या शाखा एकाच कोडखाली नोंदवल्या आहेत, ५१.२२०१. एपिडेमिऑलॉजी शाखा घेतली, प्रमाणपत्रावर तसं लिहून आलं, तरी आय-२० वर सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्यच. २६.१३०९ हा कोड तिथे फक्त एम.एस. इन एपिडेमिऑलॉजीला होता, आणि एम.एस. ‘चार अधिक एक’मध्ये बसत नव्हती. यात विद्यापीठाचं काही चुकलं असं नाही. कोड अभ्यासक्रम मंजूर होताना ठरतो, एका विद्यार्थिनीच्या व्हिसासाठी बदलत नाही. दुसऱ्या विद्यापीठांत एमपीएचची तीच शाखा २६.१३०९ खाली असूही शकते, म्हणून हे प्रत्येक ठिकाणी लेखी विचारावं लागतं.

आता चित्र असं होतं. चार अधिक एक: मे २०२७ मध्ये दोन पदव्या, आणि पुढे कामाचे एकूण १२ महिने. वेगळा रस्ता: मे २०२६ मध्ये बॅचलर्स, मग बॅचलर्सची ओपीटी १२ महिने; त्यानंतर योग्य कोड असलेल्या ठिकाणी दोन वर्षांची मास्टर्स, आणि तिच्यानंतर ३६ महिने. १२ विरुद्ध ४८. त्या बदल्यात एक वर्ष जास्त, शिवाय ती १२ क्रेडिटसुद्धा मास्टर्सच्या दराने.

वकिलाने प्रत्येक मुद्दा तपासून दिला. नियम बदलू शकतात हेही त्याने सांगितलं, आणि ते सांगायलाच हवं होतं.

आजोबांचा प्रश्न

मुलीचे आजोबा साताऱ्याला असतात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, “पण ही पोरगी डॉक्टर होणार का नाही?” एमपीएच म्हणजे काय हे आपल्याकडे समजावणं अवघड जातं, कारण रोग्याला हात लावणारा तोच डॉक्टर ही समजूत घट्ट आहे. मी त्यांना अभय आणि राणी बंग यांचं नाव सांगितलं. एम.डी. झालेले हे दोघे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एमपीएच करून परतले आणि गडचिरोलीत काम उभं केलं. गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेता येते आणि मृत्यू कमी होतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जामखेडचे रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर पतिपत्नीही जॉन्स हॉपकिन्सहूनच सार्वजनिक आरोग्य शिकून आले होते. आजोबा म्हणाले, “असं होय. मग हे मोजायचं शास्त्र आहे.” इतकं नेमकं मलाही सांगता आलं नव्हतं.

हे सांगताना मला एक जाणवलं आणि मी ते मुलीसमोर बोलले. बंग आणि आरोळे यांनी आधी रुग्ण पाहिले होते, गावं पाहिली होती, आणि काय मोजायचं आहे हे डोक्यात घेऊनच ते वर्गात बसले. एमपीएच ही पदवी मुळात कामाचा अनुभव असलेल्यांसाठी घडली. बावीस वर्षांची, थेट कॉलेजातून आलेली विद्यार्थिनी तिथे हुशारीने पास होते, पण वर्गातल्या चर्चेत शेजारी दहा वर्षं काम केलेली नर्स बसलेली असते, तेव्हा दोघींच्या हाती येणारं शिक्षण सारखं नसतं. वेगवान कार्यक्रमांवर माझा हा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. व्हिसा नसता तरी मी तो मांडला असता. ज्या मुलांनी शाळेपासून रुग्णालयात स्वयंसेवा केली आहे, ज्यांना काय करायचं ते पक्कं माहीत आहे, त्यांना पाचवं वर्ष फळतं. बाकीच्यांनी मध्ये एक वर्ष काम करावं.

हिच्याच वर्गातल्या, अमेरिकेत जन्मलेल्या मैत्रिणीने ‘चार अधिक एक’ घेतलं आणि तिच्यासाठी ते बरोबर आहे. तिच्यापुढचा प्रश्न कर्जाचा आहे. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद केलं. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला आता केंद्राकडून वर्षाला जास्तीत जास्त २०,५०० डॉलर मिळू शकतात. सप्टेंबर २०२६ मध्ये मास्टर्सच्या वर्गात बसणारी ही मैत्रीण नेमकी नव्या नियमात येते. पण तिला एकच वर्ष मास्टर्सच्या दराने भरायचं आहे, त्यामुळे तिला ते निभावेल.

काय ठरलं

वडिलांचा विरोध होता, आणि तो पोकळ नव्हता. हातात आलेला प्रवेश सोडायचा. ओपीटीत नोकरी नसलेले दिवस एकूण ९० च्या वर गेले की दर्जा जातो. आणि सार्वजनिक आरोग्यात तेव्हा नोकऱ्या कुठे होत्या? मार्च २०२५ मध्येच केंद्र सरकारने राज्यांच्या आरोग्य खात्यांना दिलेला ११ अब्ज डॉलरहून जास्त निधी मागे घेत असल्याचं जाहीर केलं होतं. राज्यं कोर्टात गेली, पण काउंटीच्या कचेऱ्यांनी भरती थांबवली. केंद्राच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं. “नुसत्या बॅचलर्सवर तिला कोण घेणार?” हा त्यांचा प्रश्न. माझ्याकडे याचं खात्रीचं उत्तर नव्हतं. मी एवढंच सांगू शकले की विद्यापीठं आणि त्यांच्याशी जोडलेली ना-नफा रुग्णालयं एच-१बीच्या वार्षिक मर्यादेबाहेर असतात, तिथे सोडत लागत नाही. त्यामुळे पहिली नोकरी अशा ठिकाणी शोधावी, पगार कमी असला तरी.

शेवटी निर्णय मुलीने घेतला आणि आईने तिची बाजू घेतली. ‘चार अधिक एक’चा अर्ज तिने केला नाही. स्पॅनिशचं मायनर ठेवलं. चौथ्या वर्षात विभागाची परवानगी काढून मास्टर्सच्या पातळीचा एपिडेमिऑलॉजीचा एकच विषय घेतला, पुढे अर्ज करताना दाखवायला. एफ-१ चा अर्ज जूनमध्ये गेला, नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला. ते पत्र येईपर्यंत तिला कॅम्पसवर पगारी कामही करता येत नव्हतं, कारण एच-४ वरच्या मुलांना ती मुभा नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत तिने केलेली सगळी कामं बिनपगारी होती. डिसेंबरमध्ये ग्रंथालयातल्या कामाचा पहिला चेक आला तेव्हा आईने मला त्याचा फोटो पाठवला.

वडील अजून अधूनमधून विचारतात की पुढच्या वर्षी विभाग घेईल का परत. नाही घेणार. हा कार्यक्रम तिथे फक्त बॅचलर्स चालू असतानाच घेता येतो. हे त्यांना माहीत आहे, तरी विचारतात, आणि मुलगी दर वेळी न चिडता तेच उत्तर देते.

मास्टर्ससाठी तिने तीन विद्यापीठांची यादी केली आहे. तिघांनाही तिने पहिला प्रश्न आय-२० वरच्या कोडचाच पाठवला, दोघांकडून लेखी उत्तर आलं आहे. ओपीटीचा अर्ज पदवी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, तो तिने फेब्रुवारीत पहिल्याच आठवड्यात केला. नोकरीचं अजून पक्कं नाही. एका रुग्णालयात गरोदरपणातल्या मधुमेहाच्या अभ्यासासाठी स्पॅनिश बोलणारी समन्वयक हवी आहे. पहिली मुलाखत झाली, अर्धी स्पॅनिशमध्ये. दुसरी पुढच्या मंगळवारी आहे.